तिची गाठ आणि तुमचं गुपित

«आक्का,

परांडा तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. वय सत्तेचाळीस. दोन वर्षांमागं माझ्या डाव्या छातीत गाठ निघाली, कॅन्सरची. बार्शीला छाती काढली, केमो झाली, लाईटचे शेक झाले. गावात सांगितलं, पिशवीचं ऑपरेशन झालं. आमच्याकडं घरटी एकीची तरी पिशवी काढलेली असते, त्यामुळं कुणी काही विचारलं नाही. केस गेले तेव्हा मी पुण्याला बहिणीकडं राहिले. आता ब्लाऊजमध्ये रुमालाची घडी घालते. हळदीकुंकवाला जाणं सोडलंय. मालकांनी माझं सगळं केलं, पण त्यांचं एकच म्हणणं, पोरीचं लग्न होईपर्यंत कुणाला कळता कामा नये. पोरगी तेवीसची. तेव्हा लातूरला शिकायला होती. तिलाही ‘गाठ होती, काढली’ एवढंच माहीत.

गेल्या महिन्यात बचत गटाच्या वहीवर सह्या करताना शेजारची, एक्केचाळीस वर्षांची, माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “वहिनी, हिथं गाठ लागतीया. चार महिनं झालं. पर दुखत न्हाई, म्हंजी काय नसंल.” हळदीचा लेप लावते. सोयाबीन निघालं की बघू म्हणते. तिच्या नवऱ्यानं ऐकलंय, सुई टोचली की कॅन्सर पसरतो. मी ‘दाखवून घे’ एवढंच बोलले आणि उठले. माझं सांगितलं तर ती जाईल, असं आतून वाटतं. पण गावभर झालं तर पोरीला स्थळ कोण देणार? या वेळी मी स्वतःच्या तपासणीलाही गेले नाही. दर वेळी गावाला काय सांगायचं? मी काय करू?»

ताई,

पत्र वाचून झाल्यावर मी आधी महिने मोजले. तिचे चार, त्यानंतर तुमचा एक. पाच झाले. तुमचा फोन नंबर पत्रात असता तर हे इथं छापायची वाट न बघता त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन केला असता.

तुम्ही दोन जनावरं एकाच दाव्याला बांधलीत. तिची गाठ आणि तुमच्या पोरीचं लग्न. दोन्ही खरी काळजीची, पण दोघांना घाई सारखी नाही. लग्नाचं बोलणं दोन महिने लांबलं तर काही बिघडत नाही. गाठीला दोन महिने देता येत नाहीत. म्हणून आधी गाठ सोडवू. पोरीचं मी टाळणार नाही, पुढं येतेच त्याच्याकडं.

‘दुखत नाही म्हणजे काही नसेल’ या एका वाक्यानं आपल्याकडच्या किती बायका नेल्या असतील, सांगता येत नाही. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. दुखली असती तर बाई पहिल्याच आठवड्यात दवाखान्यात गेली असती. गाठीसोबत कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत होणं, बोंड आत ओढलं जाणं, त्यातून रक्तासारखं पाणी येणं, काखेत गाठ लागणं, यातलं काही असेल तर आणखीच लवकर जायचं. पण नुसती गाठ असली तरी पुरे आहे जायला. आणि तिला हेही सांगा, की छातीतल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. तुम्ही तिला निकाल सांगायला जात नाही आहात. गाठ कसली आहे हे हात लावून, लेप लावून कुणालाच कळत नाही. त्याला डॉक्टरांची तपासणी लागते, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी लागते, आणि शंका आली तर सुईनं तुकडा काढून बघावा लागतो. त्या सुईनं रोग पसरतो ही समजूत खोटी आहे. उलट त्या तुकड्यावरूनच ठरतं, कोणतं औषध चालणार आणि कोणतं नाही.

माझ्या आत्यानं गाठ दीड वर्ष पदराआड ठेवली. शेवटी जखम उघडी पडली. घरात ऊद जाळायचे, आणि आम्हा पोरांना सांगायचे, देवाचं आहे. मी दहा वर्षांची होते. त्या उदाचा वास मला अजून सहन होत नाही. या एका बाबतीत माझ्याकडं मवाळ सल्ला नाही, तो का, हे तुम्हाला कळावं म्हणून सांगितलं.

आता तुमच्या मनातला प्रश्न. स्वतःचं न सांगता तिला पाठवता येणार नाही का? ‘माझ्या पुण्याच्या बहिणीला झालं होतं’ असं सांगून बघता येईल. ती गेली तर उत्तमच. पण मला नाही वाटत ती जाईल. ‘दाखवून घे’ तुम्ही सांगितलंच होतं, तरी ती गेलेली नाही. तिला माहिती कमी पडत नाहीये, ताई. तिला भीती आहे. कॅन्सर म्हणजे मरण, एवढंच तिनं आजवर पाहिलंय. त्यातून उठून, पुन्हा शेतात जाणारी, गटाचा हिशोब बघणारी बाई तिनं पाहिलेली नाही. म्हणजे पाहिलीय, रोजच बघते, पण तिला ते ठाऊक नाही. असं माणूस समोर बसलं तर जे होतं, ते डॉक्टरांच्या तासभर बोलण्यानं होत नाही. सुरुवातीला सापडला तर बहुतेक बायका बऱ्या होतात, हे तिला नुसतं सांगण्यापेक्षा तुमच्या तोंडाकडं बघून जास्त पटेल.

म्हणून तिला सांगा. तिला एकटीलाच. गटात नको, फोनवर तर नकोच. दुपारी तिच्या घरी कुणी नसताना जा आणि फार प्रस्तावना न करता बोला, “माझी पिशवी नव्हती काढली. मलाही हिथंच गाठ होती.” वाटलं तर व्रण दाखवा, नाही वाटलं तर नका दाखवू. मग म्हणा, “तुझं मी कुणाला बोलले नाही, माझं तू बोलू नको.” ती शब्द पाळेलच, अशी हमी मी देऊ शकत नाही. देते म्हटलं तर खोटं होईल. पण तिनं आधी स्वतःचं गुपित तुमच्या ओटीत टाकलंय. तिलाही लेकरं असतील, तिच्या घरातही उद्या लग्नं निघतील. तोंड बंद ठेवायची गरज तिलाही तुमच्याइतकीच आहे.

आणि सांगून थांबू नका, सोबत जा. ‘जाईन’ म्हणालेली बाई आणि गाडीत बसलेली बाई यांच्यात फार अंतर असतं, तुम्ही ते कापलंय. रेशनकार्ड आणि आधार घ्यायला लावा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कोणत्याही रंगाचं रेशनकार्ड चालतं आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, त्याला उपचार सुरू व्हायच्या आधी भेटायचं. आधी पैसे भरून मागून परत मागायची ही योजना नव्हे. नवरा खर्चाचं नाव काढेल तेव्हा हे तिच्या हाताशी असू द्या. पुढं कधी मुंबईला टाटात जावं लागलंच, तर तपासणी-उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीचं तिकीट माफ असतं, दवाखान्याचा दाखला लागतो. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, बाहेरगावचे कितीतरी रुग्ण तिथंच उतरतात.

एक गोष्ट तुमच्याच मुलखाची. कदाचित तुमच्या सासूबाईंना आठवत असेल. १९८७ साली बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या गावांसाठी. शहरात नोंदणी सोपी, दवाखान्यांची कागदपत्रं तपासली की काम झालं. खेड्यात रुग्ण दवाखान्यापर्यंत पोहोचतच नव्हता, तर नोंद कशाची करणार? म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरायला लागले. पारावर, ओसरीवर बसून लोकांशी बोलायचे, कोणती लक्षणं दिसली तर अंगावर काढायची नाहीत ते सांगायचे, संशय आला तर माणसाला बार्शीला घेऊन यायचे. काही वर्षांतच दिसलं, की गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर येऊ लागल्यात. गावात ना नवं यंत्र गेलं होतं ना नवं औषध. कुणीतरी येऊन नीट बोललं होतं, एवढंच. तुम्ही त्या बाईपाशी बसून जे बोलणार आहात, ते तुमच्या मुलखात आधीही झालंय, आणि त्याचा उपयोगही झालाय.

मुंबईतही टाटा रुग्णालयानं १९९८ पासून झोपडपट्ट्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बायकांचा असा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या जणींची छाती प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं तपासायच्या. २०२१ मध्ये निष्कर्ष आला, की पन्नाशीपुढच्या बायकांत या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मृत्यूंमध्ये तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण ही झाली ज्यांना काहीच होत नाही, त्यांच्या तपासणीची गोष्ट. जिच्या हाताला गाठ लागली, तिच्यासाठी वयाचा प्रश्नच उरत नाही.

तुमच्या गटातही हे होऊ शकतं, आणि त्यात तुमचं नाव यायचं कारण नाही. तीस वर्षांपुढच्या बायकांची तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी करणं हे सरकारी आरोग्य केंद्राचं कामच आहे. पुढच्या मासिक बैठकीला आशाताईंना आणि उपकेंद्राच्या सिस्टरना बोलवा. बोलावणं गटाचं असेल, तुमचं नाही. त्या आल्या की कुणी ना कुणी विचारेल, ताट वेगळं ठेवायचं का, लेकराला जवळ घेतलं तर चालतं का. हा रोग शिवाशिवीनं होत नाही, हे एकदा पंधरावीस बायकांनी एकत्र बसून ऐकलं, की उद्या तुमचं बाहेर आलंच तरी तुमच्याकडं बघायची नजर वेगळी असेल.

आता पोरीचं.

तुमचे मालक वाईट नाहीत. केमोच्या वेळी तुमच्या उशाशी बसणारा माणूस पोरीसाठी घाबरलाय, एवढंच. पण ज्या माणसापासून हे सगळ्यात आधी लपवलं गेलं, तिलाच ते कळायला हवं होतं. स्तनाचे बहुतेक कर्करोग आईकडून लेकीकडं येत नाहीत. शंभरात साधारण पाच ते दहाच आनुवंशिक असतात. तरी तुमचं निदान पन्नाशीच्या आत झालं, तेव्हा आनुवंशिक तपासणीची गरज आहे का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. उत्तर काहीही आलं तरी तुमच्या लेकीला कुठल्याही डॉक्टरपुढं ‘आईला पंचेचाळिसाव्या वर्षी’ हे सांगता आलं पाहिजे. तिच्या जिवाचा प्रश्न आहे तो. लग्नाचा नंतर. तिला खरं सांगा, आणि येणाऱ्या स्थळाला काय सांगायचं ते तिला ठरवू द्या. माझं मत विचाराल तर सुपारी फुटायच्या आधी मुलाला सांगावं. आईच्या आजाराचं ऐकून जो मागं फिरेल, तो लेकीच्या आजारात काय करणार होता? हे लिहायला सोपं आहे, मला कळतं. गावात एक स्थळ मोडलं की दुसरं यायला किती वेळ लागतो, तेही मी बघितलंय. तरी मी मुलाच्या आईच्या जागी असते तर लपवल्याचा राग आला असता, आजाराचा नाही.

रुमालाच्या घडीबद्दल. मुंबईत काही बायका एकत्र येऊन क्रोशानं सुती धाग्याचे हलके उरोज विणतात आणि ऑपरेशन झालेल्या बायकांना फुकट देतात. धुता येतात, उन्हाळ्यात घामानं चिकटत नाहीत. दवाखान्यातल्या समाजसेविकेला विचारा, त्या मागवून देतील. तुम्ही स्वतः विणकाम करत असाल तर नमुना मागवून घ्या, गटात दोघीतिघींना तरी क्रोशा येतच असेल. हळदीकुंकवाला जाणं सोडू नका. अर्धं आयुष्य ज्यांच्यासोबत काढलं, त्या बायकांपासून तुम्ही या एका घडीपायी लांब राहिलात. मला हे तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त लागलं.

आणि तुमची चुकलेली तपासणी. गावाला काय सांगायचं म्हणून जी बाई स्वतःच्या तपासणीला जात नाही आणि सोयाबीन निघालं की बघू म्हणणारी तुमची शेजारीण, मला या दोघींत फार फरक दिसत नाही. रागावले आहे, पण मायेनं. दोन वर्षं झाली म्हणून डॉक्टरांनी सोडलेलं नसतं. रोजची गोळी चालू असेल तर तीही त्यांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही.

या वेळी मात्र गावाला सांगायला कारण आहे. शेजारणीला दवाखान्यात सोबत हवी होती म्हणून गेले, असं सांगा. त्यात एक अक्षर खोटं नाही. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. येत्या सोमवारी पहिल्या गाडीनं दोघी निघा. तिचं रेशनकार्ड आणि तुमची जुनी फाईल एकाच पिशवीत ठेवा.

तुमची
आक्का