नव्या ग्राफिक्स कार्डात १९२ बिट बस आणि १६ जीबी मेमरी: ही लीक खरी असू शकते का?

जवळपास नाहीच; हे दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. ग्राफिक्स कार्डाची मेमरी जीडीडीआर६ प्रकारची असो वा जीडीडीआर७, प्रत्येक मेमरी चिप ३२ बिटने जोडली जाते, म्हणजे १९२ बिटच्या बसवर (मेमरी आणि प्रोसेसर जोडणाऱ्या वाटेवर) सहा चिप. २ जीबीच्या चिप लावल्या तर १२ जीबी, जीडीडीआर७ च्या ३ जीबीवाल्या लावल्या तर १८, आणि बोर्डाच्या दोन्ही बाजूंना २ जीबीच्या चिप बसवल्या तर २४. सोळा कुठेच येत नाही. लीकमध्ये बँडविड्थ (सेकंदाला किती डेटा जातो ते) दिली असेल तर तीही पडताळा: बसची रुंदी गुणिले प्रत्येक पिनचा वेग, भागिले ८. १९२ बिट आणि प्रत्येक पिनला २८ जीबीपीएस (सेकंदाला गिगाबिट) असेल तर सेकंदाला ६७२ जीबी. यापेक्षा वेगळं लिहिलं असेल तर कुणीतरी आकडे नुसते ठोकून दिलेत. एचबीएमला (चिप एकावर एक रचलेल्या मेमरीला) मात्र हा ३२ बिटचा हिशेब लावू नका, तिथे एकेका स्टॅकची बस १०२४ बिट किंवा त्याहून रुंद असते. एक अपवाद: वेगवेगळ्या क्षमतेच्या चिप मिसळता येतात. २०१२ च्या जीटीएक्स ६६० या एनव्हिडियाच्या कार्डात १९२ बिटवर २ जीबी होती, पण त्यातल्या शेवटच्या भागाचा वेग कमी पडायचा.