मालवणात भाड्याने राहायचंय

प्रश्न: ताई, माझं काम घरूनच चालतं म्हणून आई आणि मी पुणं सोडून वर्षभर मालवणात राहायचं म्हणतोय. डिसेंबरात एक फ्लॅट बघितला, आवडला. पण मालक म्हणतात साध्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेऊ आणि मे महिन्यात जागा पर्यटकांसाठी रिकामी करून द्या. काय करू?

उत्तर: या की, पण असं नाही. डिसेंबरात कोकणातलं कुठलंही घर छानच दिसतं हो, ते जुलैत कसं असतं ते कळायला हवं. कपाट उघडून कुबट वास येतो का बघा, समुद्राकडच्या खिडकीचे गज नखाने खरवडा. माझ्या पहिल्या घरात नव्या रंगाखाली गंजाचे पापुद्रे निघाले आणि पावसाळ्यात आईच्या रेशमी साड्यांवर बुरशी चढली, अजून जीव हळहळतो. पाणी विहिरीचं असेल तर मेमध्ये खारट होतं का ते शेजारच्या काकूंना विचारा. इंटरनेट आणि इन्व्हर्टर बघाच, वादळात लाइट जाते ती कधी कधी दुसऱ्या दिवशी येते.

आणि मेचं अजिबात कबूल करू नका, आईला घेऊन ऐन सीझनात कुठे जाणार तुम्ही? अकरा महिने सलग, असं लिहून घ्या आणि करार रजिस्टरच करा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे ती जबाबदारी मालकाचीच आहे, ऑनलाइनही होतं. ऐकत नसतील तर दुसरं घर बघा, जून-जुलैत मासेमारी बंद असते, पर्यटक नसतात, तेव्हा मालक जरा नीट बोलतात.