एका सामन्यामुळे अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठाचा (अमेरिकन) फुटबॉल संघ कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी खुला झाला, हे खरे आहे का?

अर्धेच खरे आहे. १२ सप्टेंबर १९७० रोजी अलाबामातील बर्मिंगहॅममध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने अलाबामाच्या पूर्णपणे श्वेतवर्णीय संघाला ४२-२१ असे हरवले. सॅम कनिंगहॅम या कृष्णवर्णीय खेळाडूने चेंडू घेऊन एकूण १३५ यार्ड धाव घेतली आणि दोन टचडाउन केले (म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेऊन गुण मिळवले). त्याचा सहकारी क्लॅरेन्स डेव्हिस तर मूळचा बर्मिंगहॅमचाच. म्हणजे घरचे गुणी पोर परक्या संघातून खेळत होते!

मात्र विल्बर जॅक्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला अलाबामाने या सामन्यापूर्वीच शिष्यवृत्ती देऊन घेतले होते. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळण्याची तेव्हा परवानगी नसल्यामुळे तो मैदानात दिसला नाही, एवढेच. शिवाय १९६९ मध्येच तेथील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी खेळाडूंच्या निवडीतील भेदभावाविरुद्ध प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांच्यावर न्यायालयात दावा दाखल केला होता, ही गोष्ट लोकप्रिय कथेतून सोयीस्करपणे गळते. पराभवामुळे संघाच्या गोऱ्या चाहत्यांचा विरोध बोथट झाला असावा, हे मला पटते. पण दार आधीच किलकिले झाले होते. पुढे १९७१ मध्ये जॉन मिचेल मुख्य संघातून खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला.