कौलारू घर गळतंय, कौलं काढून पत्रा टाकावा का?

तुम्ही लिहिलंय की गावचं घर मंगलोरी कौलांचं आहे, दोन पावसाळे गळतंय, मोठे भाऊ म्हणतायत सगळं काढून पत्रा टाकू, तर कौलं तपासायची कशी आणि खर्च किती येईल. माझं उत्तर सरळ आहे, पत्रा टाकू नका. आधी गळतंय कुठून ते बघा. बहुतेक घरांत कौल चांगलं असतं, आढ्यावरच्या कोन्यांचं, म्हणजे छपराच्या माथ्यावर बसवतात त्या कौलांचं, सिमेंट तडकलेलं असतं नाहीतर खालची रीप, म्हणजे कौल टेकतं ती लाकडी पट्टी, कुजून कौल खचलेलं असतं, आणि बोल लागतो कौलाला.

नळीची, म्हणजे अर्धगोल गावठी कौलं असती तर गोष्ट वेगळी. ती दर वैशाखात परतावीच लागतात, वरून मांजर गेलं तरी सरकतात. मंगलोरी कौलाला बाजूला खाच असते आणि खाली रिपेत अडकायला नाक, म्हणून तर 1865 मध्ये बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या मिशनरी संस्थेने मंगळूरला कारखाना काढल्यावर ही कौलं किनाऱ्याने वरपर्यंत पसरली. नीट बसवली तर वर्षानुवर्षं हात लावावा लागत नाही.

मी दापोली तालुक्यातला, समुद्र घरापासून हाकेवर. घर सामायिक, थोरला चुलतभाऊ, आमचा दादा, डोंबिवलीला असतो. निसर्ग वादळाच्या आधी काही वर्षं दादाने एक कॉन्ट्रॅक्टर पाठवून मोठ्या घराच्या आढ्यावरचे चुन्यात बसवलेले कोने काढायला लावले आणि सगळे सिमेंटात पक्के करून घेतले. आमच्या वाडीतले एक काका आयुष्यभर शाकारणीची, म्हणजे छप्पर उतरवून परत घालायची कामं करत आलेत, ते तेव्हाच म्हणाले होते की लाकूड हलतं, सिमेंट हलत नाही, हे तडकणार. बाबांनी तसं दादाला फोनवर सांगितलंही, पण पैसे दादाचे म्हटल्यावर काकांचं कोण ऐकतो.

3 जून 2020 ला वादळ श्रीवर्धनच्या बाजूला जमिनीवर आलं, वारा ताशी 110 किलोमीटरच्या आसपास. आई-बाबा आणि मी माजघरात बसलेलो आणि वर एकेक कौल उचलल्याचा आवाज येत होता. तो सिमेंटचा पट्टा मोठमोठ्या तुकड्यांनी उचकटला आणि जाताना खालच्या ओळी फोडत गेला, समुद्राकडचं पाखं, म्हणजे छपराची त्या अंगाची उतरती बाजू, अर्धं उघडं पडलं. स्वयंपाकघराच्या छपराचे कोने जुने, चुन्यातलेच होते, तिथे मोजके सुटे होऊन पडले, खालचं कौल शाबूत. शेजारच्या घरावर नवाकोरा रंगीत पत्रा होता, तो लोखंडी अँगलसकट उडून सुपारीच्या बागेत पडला, पिळवटलेला, एकही पत्रा परत वापरण्यासारखा नव्हता.

आणि पुढची गोष्ट तुमच्या भावांना मुद्दाम सांगा. लॉकडाऊन, लाइट नाही, रस्त्यावर झाडं आडवी, दुकानात कौल मिळेना ना ताडपत्री. आम्ही अंगणातली न फुटलेली कौलं गोळा केली, गोठ्याची आणि मागच्या पडवीची उतरवली, सगळी एकाच छापाची असल्यामुळे खाचेत खाच बसली, आणि त्यावर माजघर, देवघर, स्वयंपाकघर झाकून घेतलं, गोठ्यावर तात्पुरते झावळ्यांचे झाप. त्या पावसात आम्ही कोरड्या घरात झोपलो. शेजाऱ्यांना पत्रा यायची वाट बघत ताडपत्रीखाली दिवस काढावे लागले. कौल एकेक जातं आणि एकेक परत बसवता येतं, घरातल्या माणसांच्या हाताने, हे पत्र्याचं होत नाही.

दादाने त्याच आठवड्यात घरच्या ग्रुपवर लिहिलं, "म्हणून सांगत होतो, पत्रा टाका." गणपतीत आला तो फॅब्रिकेटरचं कोटेशन घेऊनच. मला त्या वाक्याचा अजून राग येतो. पाखं फोडलं ते त्याच्या सिमेंटने, आणि ऐकून घ्यायचं आम्ही. जो जुलैत त्या छपराखाली झोपत नाही त्याने छप्पर ठरवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

असो, तपासणीचं. भर दुपारी आतले दिवे बंद करून वर बघा, उजेड कुठून येतो ते कळतं, पण प्रत्येक उजेडाची फट गळतेच असं नाही. पाणी रिपेवरून, वाशावरून वाहत येऊन भलतीकडे ठिबकतं, त्यामुळे जिथे बादली ठेवता त्याच्या वरच्या अंगाला, आढ्याच्या दिशेने शोधा. बाहेरून लांब उभं राहून पाखं बघा, कुठे खोलगट दिसलं तर खालचं लाकूड गेलंय. वासा भिंतीवर टेकतो तिथे स्क्रूड्रायव्हर टोचा, वाळवी तिथूनच चढते. कौल काढून बोटाने वाजवा, खणखणीत वाजलं तर ठेवा, बद्द वाजलं तर तडा आहे. खाचांतलं शेवाळ आणि पाला काढा, खाच तुंबली की पाणी आत उडतं. पडवी मागाहून वाढवलेली असेल तर तिचा उतार बघा, उतार कमी असला की वाऱ्याने पाणी उलटं आत शिरतं, तिथे कौलं कितीही बदला.

नवीन कौलं घेताना जुन्या कौलावरचा कारखान्याचा छाप बघून तोच शोधा, वेगळ्या कारखान्याचं कौल बहुतेक वेळा खाचेत बसत नाही. एक कौल सपाट धरून वर पाणी साठवून ठेवा, बुडाला ओल आली तरी चालेल, थेंब पडता कामा नये. वळचणीच्या, म्हणजे छपराच्या खालच्या कडेच्या, आणि आढ्याजवळच्या ओळी तारेने रिपेला बांधून घ्या, वारा आधी तिथेच धरतो, आणि समुद्राजवळ असाल तर साधी बाइंडिंगची तार नको, तांब्याची घ्या. कौलांखाली प्लास्टिक अंथरायला सांगणारे भेटतील, ऐकू नका, हवा कोंडली की रिपा कुजतात.

खर्चाचं म्हणाल तर लाकूड किती बदलावं लागतंय त्यावर सगळं आहे, माणसाला वर चढवल्याशिवाय आकडा कोणी सांगू शकत नाही.

हां, तुमच्याकडे माकडांचा त्रास असेल आणि घरात फक्त म्हातारी माणसं असतील, शाकारणीला माणूसच मिळत नसेल, तर पत्र्याचा विचार करायला माझी हरकत नाही. पण मग जुने सिमेंटचे पत्रे आणू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असतं, कापताना उडणारी धूळ छातीत जाते. आणि पत्रा टाकलात तरी उतरवलेली चांगली कौलं विकून टाकू नका, गोठ्यात उभी रचून ठेवा, आडवी थप्पी लावली की खालची फुटतात.