मॉडेल पुन्हा ट्रेन करण्याआधी दिव्याची जागा बदला

तुमची अडचण अशी: मिलिंग झालेली (फिरत्या कटरने कापून आकार दिलेली) अ‍ॅल्युमिनिअमची कव्हर्स कन्व्हेयरवरून येतात, कॅमेरा आणि रिंग लाइट (कड्यासारखा गोल दिवा) बरोबर डोक्यावर आहेत, पहिल्या शिफ्टला ओरखडे सापडतात आणि संध्याकाळनंतर निसटतात. त्यासाठी फोटोंतून ओरखडे ओळखणारं एआय मॉडेल पुन्हा ट्रेन करू नका. ओरखडा फोटोतच उमटत नसेल, तर मॉडेल शिकणार कशावरून?

पिक्सेलचा हिशोब एकदा करून टाका. दृश्याची रुंदी १०० मिमी आणि कॅमेऱ्याचा सेन्सर आडवा २४४८ पिक्सेलचा असेल, तर एक पिक्सेल म्हणजे साधारण ०.०४ मिमी. ओरखड्याच्या रुंदीला निदान तीन पिक्सेल हवेत, म्हणून ०.१२ मिमीपेक्षा बारीक काही पकडायची हमी क्यूसीला (गुणवत्ता तपासणी विभागाला) देऊ नका.

खरा घोळ उजेडाच्या कोनात आहे. चकाकत्या जॉबवर (म्हणजे तपासायच्या कव्हरवर) वरून पडलेला उजेड सरळ कॅमेऱ्यात परततो, सगळं पांढरंफटक होतं आणि ओरखडा त्यात बुडतो. रिंग लाइटऐवजी बार लाइट (लांब पट्टीसारखा दिवा) घ्या आणि तो खाली आणा, जॉबच्या पृष्ठभागाशी १०-२० अंशांत. मग सपाट भागावरचा उजेड पलीकडे निघून जातो, तो भाग काळा दिसतो आणि ओरखड्याची कड चमकते. अडचण एवढीच, की टूल मार्कही (कटरने पृष्ठभागावर उमटवलेल्या बारीक रेषा) चमकतात. म्हणून उजेड टूल मार्कच्या दिशेनेच जाईल असा बार ठेवा. मार्क दबतात, त्यांना आडवे गेलेले ओरखडे उठून दिसतात. मार्कला समांतर ओरखडे मात्र यात सुटतात. त्यांच्यासाठी काटकोनात दुसरा बार आणि वेगळा फोटो घ्या. त्या फोटोत मार्कही उजळतील. मार्क कोणते आणि ओरखडे कोणते हे ओळखायला मॉडेलची खरी गरज तिथे आहे.

संध्याकाळचं कोडं तपासायला सोपं आहे. एक्स्पोजर (सेन्सरवर उजेड पडू देण्याचा वेळ) तेच ठेवून तुमचा दिवा बंद करा आणि फोटो घ्या. तो काळाकुट्ट यायला हवा. जॉब दिसला, तर शेडचा उजेड आत शिरतोय. लाल एलईडी, लेन्सवर त्याच रंगाचा बँडपास फिल्टर (फक्त तो रंग आत सोडणारी काच) आणि भोवती काळा हूड लावा. फिल्टरवर पैसे वाचवू नका.

एक्स्पोजरही बघा. कन्व्हेयर सेकंदाला ३०० मिमी धावत असेल, तर १ मिलिसेकंदात जॉब ०.३ मिमी सरकतो, म्हणजे सात पिक्सेलचा फराटा. १०० मायक्रोसेकंदावर या आणि उजेड कमी पडला तर दिवा स्ट्रोब करा, म्हणजे फोटोच्या क्षणापुरता जोरात चमकवा.

कॅमेऱ्याचा स्टँड कन्व्हेयरच्या फ्रेमला कसू नका, मोटरची थरथर थेट लेन्सपर्यंत जाते. जमिनीतून वेगळा खांब घ्या. आणि कूलंटचा (मशिनवर कापताना वापरतात त्या थंडाव्याच्या द्रवाचा) तवंग हाउसिंगच्या काचेवर हळूहळू साचतो, तेव्हा काच पुसणं शिफ्टच्या चेकलिस्टमध्ये घाला.