जाड भिंती, उघडं वायफाय

प्रश्न : खानापूरजवळ आमचं जुनं मातीच्या भिंतींचं घर आहे. राऊटर सोप्यात, माजघरात रेंज नाही. वडिलांना कमी दिसतं, पासवर्ड टाइप होत नाही, म्हणून वायफाय उघडंच ठेवलंय. चालेल का?

उत्तर : नाही, उघडं ठेवणं आजच बंद करा. तुमच्या जोडणीवरून कोणी गैरव्यवहार केला, तर चौकशी तुमच्या दारात येते. वडिलांना पासवर्ड एकदाच लागतो, पुढे फोन तो लक्षात ठेवतो.

राऊटरच्या सेटिंगमध्ये सुरक्षा डब्ल्यूपीए३ (वायफायची नवी सुरक्षा पद्धत) निवडा. जुने फोन जोडले गेले नाहीत तर त्याआधीची डब्ल्यूपीए२-एईएस. पासवर्ड म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द, सगळी लहान रोमन अक्षरं. शून्य आणि ओ, एक आणि एल यांचा घोळच नको. मग तुमच्या अँड्रॉइड फोनवर त्या नेटवर्कच्या ‘शेअर’मधून क्यूआर कोड काढा, हातभर मोठा छापा आणि वडिलांच्या खोलीत आतल्या भिंतीला लावा, खिडकीसमोर नको. फोनच्या कॅमेऱ्यानं तो स्कॅन केला की पासवर्ड टाइप करावा लागत नाही. डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिननं, पासवर्डशिवाय जोडायची सोय) बंद ठेवा. राऊटरचा ॲडमिन पासवर्ड, म्हणजे त्याच्या सेटिंगमध्ये शिरायचा पासवर्ड, तोही बदला, हे बहुतेकांकडून राहूनच जातं.

रेंजचं म्हणाल तर माजघरात रिपीटर ठेवून उपयोग नाही. तिथे सिग्नलच पोचत नाही, तर तो पुढे काय पाठवणार? सोप्यातून कॅट-६ नेटवर्क केबल आत न्या आणि दुसरा राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये जोडा, म्हणजे केबलमधून आलेलं इंटरनेट तो तिथे वायफायनं देईल; नाव-पासवर्ड तेच. भिंत पार करायला वायफायचा २.४ गिगाहर्ट्झ बँड बरा, ५ गिगाहर्ट्झचा त्याच खोलीपुरता. पावसाळ्यात ओल धरलेली भिंत सिग्नल आणखी अडवते.