कार्ब्युरेटरला हात सगळ्यात शेवटी: पद्मिनीवाल्यांचे प्रश्न

या वेळच्या सगळ्या पत्रांतली गाडी एकच आहे, कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली 1089 सीसीची फिएट, म्हणजे आपली प्रीमियर पद्मिनी आणि तिच्या थोरल्या बहिणी. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरअखेर वीस वर्षांच्या मर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली. पण घरोघरच्या खासगी गाड्या अजून शेडमध्ये उभ्या आहेत आणि त्या घरच्या घरी नीट करता येतात.

प्रश्न: वडिलांची 1984 ची पद्मिनी अकरा वर्षं शेडमध्ये उभी आहे. नवी बॅटरी आणली आहे. स्टार्टर मारून बघू का? (वाचक, चिपळूण)

कृपा करून मारू नका. कोकणच्या दमट हवेत एवढी वर्षं उभ्या राहिलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असू शकतात. कोरड्या इंजिनाला स्टार्टरनं जोरात फिरवलं तर रिंग तुटते, आणि दोन दिवसांचं काम दोन महिन्यांवर जातं.

आधी चारही प्लग काढा. प्रत्येक भोकातून एक चमचा, म्हणजे साधारण 5 मिलि, इंजिन ऑइल सोडा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. तोवर खालचं जुनं ऑइल काढून फिल्टर बदला आणि साधं मिनरल 20W-50 भरा. एअर क्लीनरचं झाकण उघडून पाहा, उंदरांना ती जागा फार आवडते. तिसऱ्या दिवशी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावा आणि समोरून पाहताना घड्याळाच्या दिशेनं हळूहळू फिरवा. अडलं तर पाइप लावून जोर करू नका. पुन्हा ऑइल सोडा आणि आणखी दोन दिवस थांबा. दोन पूर्ण फेरे मोकळे झाले की मगच बॅटरी जोडा. प्लग बाहेर असतानाच, कॉइलची वायर काढून, दहा-दहा सेकंद स्टार्टर फिरवा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. दिवा विझला म्हणजे बेअरिंगपर्यंत ऑइल पोचलं.

टाकीतलं पेट्रोल आता पेट्रोल राहिलेलं नाही. त्याला रोगणासारखा वास येत असेल. ते सगळं काढा, टाकी उतरवून आतला गंज पाहा, पण टाकीवर वेल्डिंग अजिबात नको. रिकाम्या टाकीतली वाफच पेटते. पहिल्यांदा इंजिन चालवताना पंपात पेट्रोल आणणारा पाइप दोन लिटरच्या स्वच्छ डब्यात सोडा आणि तो डबा इंजिनापासून दूर, जमिनीवर ठेवा.

रेडिएटरमध्ये नळाचं पाणी भरू नका. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं. दोन धातूंत साधं पाणी राहिलं की हेडच्या पाणवाटा आतून खाल्ल्या जातात. डिस्टिल्ड पाण्यात एक तृतीयांश ते निम्मं कूलंट घाला. आणि इंजिन सुरू झालं म्हणून गाडी लगेच हलवायची नाही. आधी ब्रेक, त्याचं पुढं आलंच आहे.

क्लच दाबूनही गिअर पडत नसेल तर प्लेट फ्लायव्हीलला चिकटली आहे. इंजिन बंद ठेवून, पायडल दाबून सीट आणि पायडलमध्ये फळी अडकवा. रात्रभरात ती बहुधा सुटते.

प्रश्न: नवे प्लग, नवे पॉइंट, कार्ब्युरेटर दोनदा धुतला. तरी अॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी आधी अडखळते, मग पिकअप घेते. कार्ब्युरेटरच बदलायचा का? (वाचक, पुणे)

नाही. ट्यूनिंगचा क्रम ठरलेला आहे: कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), टॅपेट (व्हॉल्वची फट), पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क), टायमिंग (ठिणगीची वेळ) आणि शेवटी कार्ब्युरेटर. आधीचं एक पाऊल चुकलं असेल तर कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवून ते फक्त झाकलं जातं.

कॉम्प्रेशन गरम इंजिनावर, चारही प्लग काढून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून पाहा. चार सिलिंडरच्या आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नसावा. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्या आहेत. नाही चढला तर व्हॉल्व बसत नाही किंवा गॅस्केट गेलं आहे.

टॅपेट मात्र थंड इंजिनावर, म्हणजे रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीवर. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-3-4-2, आणि रेडिएटरकडचा सिलिंडर पहिला. चौथ्याचे दोन्ही व्हॉल्व एकाच वेळी हलताना दिसले, म्हणजे एक बंद होतोय आणि दुसरा उघडतोय, की पहिल्याचे टॅपेट लावायचे. दुसऱ्याचे हलताना तिसऱ्याचे, पहिल्याचे हलताना चौथ्याचे, तिसऱ्याचे हलताना दुसऱ्याचे. गॅप किती, ते गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. इनलेट आणि एक्झॉस्टचे आकडे पाहून मगच पाना हातात घ्या. फिलर गेजची पट्टी लोण्यातून सुरी ओढल्यासारखी यावी. अडत असेल तर गॅप कमी, खडखडत असेल तर जास्त. चेकनट आवळताना स्क्रू किंचित फिरतोच, म्हणून आवळल्यावर परत पट्टी घालून पाहा. घाईत गॅप कमी राहिला तर एक्झॉस्ट व्हॉल्व नीट बसत नाही, त्याची उष्णता सीटमध्ये जात नाही आणि कड जळते. थोडा आवाज करणारे टॅपेट परवडले, गप्प बसलेले नाही.

आता डेल्को, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर. पॉइंटचा गॅप 0.40 मिमीच्या आसपास, आणि तो कॅमचा उंचवटा पॉइंटच्या टाचेखाली अगदी बरोबर आलेला असताना मोजायचा. जुन्या पॉइंटच्या एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकडी झालेली असते. त्यावर फिलर गेज खोटं बोलतं, कारण सपाट पट्टी टेकडीवर टेकते. असे पॉइंट घासत बसण्यापेक्षा बदला. कॅमवर कणभर ग्रीस लावा. नाहीतर टाच झिजते, गॅप कमी होत जातो आणि महिन्याभरात टायमिंग मागं पडतं. प्लगचा गॅप 0.6 मिमी.

टायमिंगला महागडं यंत्र लागत नाही. 12 व्होल्टचा छोटा दिवा घ्या. एक वायर कॉइलच्या डेल्कोकडच्या टोकाला, दुसरी बॉडीला. इग्निशन चालू करा. पॉइंट जोडलेले असेपर्यंत दिवा बंद, उघडता क्षणी पेटतो. पुलीवरची खूण पुसट झाली असेल तर दोऱ्यानं पुलीचा घेर मोजा आणि 36 नं भागा, तेवढं अंतर म्हणजे 10 अंश. घेर 396 मिमी आला तर 11 मिमी. टीडीसीच्या, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतानाच्या, खुणेपासून मॅन्युअलमधल्या अंशांइतकी खूण पांढऱ्या रंगानं करा, इंजिन हातानं फिरवून त्या खुणेवर आणा आणि डेल्को सैल करून दिवा पेटेल तिथं आवळा. डेल्कोतला रोटर फिरतो त्याच्या उलट दिशेला डेल्को फिरवला की टायमिंग पुढं जातं. जवळ येताना इंजिन नेहमी पुढच्याच दिशेनं फिरवा, मागं आणलं तर चेनचा ढिलेपणा मोजमापात शिरतो.

एवढं सगळं बरोबर असूनही अडखळत असेल तर तुमच्या लक्षणाचं उत्तर बहुधा कार्ब्युरेटरच्या अॅक्सिलरेटर पंपात आहे. इंजिन बंद करून एअर क्लीनर काढा, टॉर्च घेऊन नळीत पाहा आणि थ्रॉटल हातानं झटकन उघडा. त्याच क्षणी बारीक, सलग चिळकांडी उडायला हवी. उशिरा आली, नुसते थेंब पडले किंवा काहीच आलं नाही तर पंपाचं डायफ्राम कडक झालंय. ते बाजूच्या छोट्या झाकणाखाली असतं. बाकी कार्ब्युरेटर न खोलता बदलता येतं. धुण्यानं ते सुधारत नाही, उलट थिनरमध्ये बुडवून ठेवलं तर उरलंसुरलं रबरही जातं.

आयडलिंग शेवटी, इंजिन पूर्ण गरम झाल्यावर. बुडाजवळचा मिक्श्चर स्क्रू हलक्या हातानं पूर्ण आत घ्या आणि दीड फेरा बाहेर काढा. आवळताना जोर केला तर त्याच्या सुईवर वळ पडतो आणि मग तो कधीच नीट लागत नाही. तिथून हळूहळू फिरवत इंजिन सर्वांत गुळगुळीत कुठं चालतं ते शोधा आणि थ्रॉटलच्या स्क्रूनं 700 ते 800 आरपीएमवर आणा. मिक्श्चर स्क्रू पूर्ण आत गेला तरी इंजिनाला फरक पडत नसेल तर थ्रॉटल फार उघडा ठेवला आहे, किंवा खालच्या गॅस्केटमधून हवा ओढली जातेय.

प्रश्न: खंबाटकी घाटात गाडी गरम झाली की बंद पडते. वीस मिनिटांनी आपोआप चालू होते. कोणी कॉइल म्हणतं, कोणी पंप. (वाचक, सातारा)

दोघांचंही बरोबर असू शकतं, म्हणून बंद पडल्यावर लगेच, थंड होण्याआधी पाहायला हवं. कॉइलची जाड वायर इन्सुलेटेड पकडीनं इंजिनाच्या धातूपासून 6 मिमीवर धरा, दुसऱ्यानं स्टार्टर मारावा. आसपास पेट्रोल सांडलेलं नसावं. टचटचीत निळसर ठिणगी आली तर इग्निशन ठीक. पिवळी, अशक्त किंवा काहीच नाही तर कॉइल किंवा कन्डेन्सर गरम झाल्यावर दगा देतोय. कन्डेन्सर आधी बदला, तो स्वस्त आहे. बाजारातले नवे डुप्लिकेट कन्डेन्सर जुन्या चांगल्यांपेक्षा लवकर जातात, तेव्हा चालत असलेला जुना टाकून देऊ नका.

ठिणगी चांगली असेल तर पंपावर ओलं फडकं टाका. पाच मिनिटांत गाडी सुरू झाली तर पाइपात पेट्रोलची वाफ अडकत होती. पाइप एक्झॉस्टपासून दूर वळवा, पंप आणि ब्लॉकमधला जाड इन्सुलेटर जागेवर आहे ना ते पाहा. बऱ्याच गाड्यांत तो कोणीतरी काढून नुसतं कागदी गॅस्केट बसवलेलं सापडतं. आणि एकदा टाकीचं झाकण उघडा. हुस्स करून हवा आत गेली तर झाकणाचं श्वासाचं भोक बुजलंय, बाकी काही करायची गरज नाही.

प्रश्न: नवं इथेनॉलवालं पेट्रोल या गाडीला चालतं का? (वाचक, नाशिक)

चालवावं लागतंच, पण तयारी करून. जुने रबरी पाइप, पंपाचं डायफ्राम, नीडल व्हॉल्वची रबरी टोकं हे सगळं इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं घ्या. जुना पाइप बाहेरून चांगला दिसतो, आतून त्याचे काळे कण सुटून जेटमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, अडकतात. गाडी महिन्याहून जास्त उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर कोरडा करा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि ते पाणी खाली बसून टाकी गंजवतं.

वीस टक्के इथेनॉलला त्याच हवेत सुमारे आठ टक्के जास्त इंधन लागतं, म्हणून जुन्या जेटवर गाडी लीन, म्हणजे इंधन कमी आणि हवा जास्त अशी, चालते. प्लग पांढरे पडतात, चढावर दम लागतो. मुख्य जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिमीच्या शंभराव्या भागात. 125 असेल तर 130 लावा, क्षेत्रफळ सुमारे आठ टक्के वाढतं. जेटमध्ये तार घालून भोक मोठं करू नका, ते वाकडं होतं. कार्ब्युरेटरमधला पितळी फ्लोट (तरंगता डबा) काढाल तेव्हा तो गरम पाण्यात बुडवा. बुडबुडे आले तर फुटका आहे.

प्रश्न: ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. (वाचक, कोल्हापूर)

बहुधा उजवा पुढचा ब्रेक काम करत नाही. चारही चाकांना ड्रम आहेत, त्यामुळं उघडूनच पाहावं लागेल. गाडी जॅकवर ठेवून खाली जाऊ नका, घोड्या (स्टँड) लावा. ड्रममधली धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरही मारू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असतं, ओल्या फडक्यानं पुसा. व्हील सिलिंडरच्या रबरी टोपणाखाली ओल दिसली तर त्या अॅक्सलचे दोन्ही सिलिंडर एकदमच नवे करा. तेल लागलेले लायनर पेट्रोलनं धुऊन परत बसवू नका, तेल आत मुरलेलं असतं.

सिलिंडर कोरडे असतील तर होज पाहा. आतून फुगलेला होज तेल जाऊ देतो, परत येऊ देत नाही. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं.

प्रश्न: पायाखालचा पत्रा आणि दाराखालचा भाग सडलाय. घरी करता येईल? (वाचक, वसई)

फरशीचे ठिगळ येतील, दाराखालची पेटी विचार करून. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच भार पेलते. दोन्ही बाजूंच्या पेट्या एकदम कापल्या तर गाडी मधून वाकते आणि दारं पुन्हा लागत नाहीत. एका वेळी एक बाजू, गाडीला चार ठिकाणी आधार आणि कापण्याआधी दाराच्या फटी मोजून लिहून ठेवलेल्या.

20 गेजचा, म्हणजे 0.9 मिमीचा पत्रा घ्या. गंज दिसतो त्याच्या पुढं दोन-तीन सेंटिमीटर, चकचकीत धातू लागेपर्यंत कापा. मिग वेल्डिंगनं सलग रेघ ओढू नका, पत्रा लाटेसारखा उचलतो. लांब लांब टाके घाला, थंड होऊ द्या, मधे भरा. वर इपॉक्सी प्रायमर, आणि पुट्टी 2-3 मिमीच्या वर नाही. शेवटी पेटीच्या आत मेण फवारा आणि खालची पाणी जाण्याची भोकं मोकळी ठेवा. पेटी सडली ती बहुधा ही भोकं बुजल्यामुळेच.

प्रश्न: माझी प्रेसिडेंट (पद्मिनीचं आधीचं नाव) 1973 ची आहे. तिला व्हिंटेज नोंदणी मिळेल का? (वाचक, ठाणे)

मिळू शकते. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी पात्र ठरते. फॉर्म 20, विमा आणि जुनं आरसी लागतं. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाला 5,000. आधी नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर तसाच राहतो, व्हीए अक्षरांची नंबर मालिका नव्या नोंदणीसाठी. अट एवढीच की अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला वापरता येत नाही. भाजी आणायला गाडी काढायची असेल तर नेहमीचंच नूतनीकरण करा.